गिझरची द्विनोंदी

हल्ली कुणाच्या नव्या फ्लॅटवर गेलं की यजमान देवघर नंतर दाखवतात, आधी बाथरूम दाखवतात. आपण चपला काढतो न काढतो तोच "हे बघा" म्हणून आत घेऊन जातात. मोरबीहून मागवलेल्या टाइल्स, छतातून आषाढासारखा कोसळणारा शॉवर, हात धुवायलाही संकोच वाटावा असं बेसिन. मी सगळ्याला "वा, वा!" म्हणतो. मग हळूच मान वर करून गिझरकडे बघतो, त्यातून निघालेल्या वायरीचा माग काढत बटणापाशी येतो आणि विचारतो, "हे बटण सिंगल पोल की डबल पोल?"

यजमानांच्या चेहऱ्यावर तेव्हा जो भाव उमटतो तो माझ्या ओळखीचा आहे. "केवायसी अपडेट केलंय का?" असं काउंटरवर विचारलं की खातेदाराचा चेहरा नेमका असाच होतो. आमची सौ. घरी आल्यावर म्हणते, "लोकांच्या बाथरूममध्ये काय बघत बसता हो?" आणि यजमान म्हणतात, "बटण दाबलं की दिवा लागतो, परत दाबलं की विझतो. अजून काय पाहिजे?"

माझं सगळं भांडण या 'अजून काय पाहिजे'शी आहे.

आता तुम्ही म्हणाल, बँकेतल्या कारकुनाला ही उठाठेव सांगितली कुणी? रास्त आहे. मी साधा बी.कॉम. पण वीज हा विषय सायन्सवाल्यांनी उगाच बळकावला आहे, असं माझं ठाम मत आहे. मुळात तो आमचा, कॉमर्सचा विषय. घरात येणाऱ्या दोन तारा घ्या. एक फेज, दुसरी न्यूट्रल. दोन किलोवॉटचा गिझर २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. हा प्रवाह एका तारेने येतो आणि दुसरीने तेवढाच्या तेवढा परत जातो. मधल्या मध्ये खर्च होत नाही. व्याज म्हणून बादलीभर ऊन पाणी ठेवतो आणि मुद्दल घेऊन चालता होतो. एका बाजूला नावे, दुसऱ्या बाजूला जमा, रक्कम तीच. याला आमच्यात द्विनोंदी पद्धत म्हणतात आणि ती अकरावीला शिकवतात. सायन्सवाल्यांना हे शिकवत नाहीत, म्हणून ते आकडेमोड करत बसतात.

तर व्यवहाराला बाजू दोन, मग बटणाने तोडायची एकच? साधं एकेरी बटण, म्हणजे सिंगल पोल, फक्त एक तार तोडतं. ती फेजची असावी अशी अपेक्षा. दुसरी तार गिझरला चिकटलेलीच राहते. आमच्या शाखेचं पुढचं शटर ओढून कुलूप लावलं आणि मागचं दार सताड उघडं ठेवलं, तर "बँक बंद झाली" असं कुणी म्हणेल का? रात्री पोलीस येऊन मॅनेजरला उठवतील. डबल पोल बटण पुढचं आणि मागचं अशी दोन्ही दारं एकाच खटक्यासरशी लावतं. गिझरला हेच बटण पाहिजे. किंमत म्हणाल तर काही शे रुपये. त्या छतातल्या आषाढाची किंमत मी विचारली नाही, पण त्यात अशी बटणं पोतंभर आली असती.

"पण न्यूट्रलमध्ये कुठे करंट असतो? ती तार गार असते," असं वायरमन सांगतो. असते गार. पण ज्या दिवशी बाहेर खांबावर किंवा मीटरच्या पेटीत न्यूट्रल तुटते, त्या दिवशी घरात चालू असलेला टीव्ही, फ्रिज, पंखा यांतून फेज शिरते आणि ती गरीब गाय असलेली तार शिंगं रोखून उभी राहते. तुमचा गिझर बंद, दिवा विझलेला, आणि कॉइल मात्र त्या तारेला जोडलेलीच.

यापेक्षा वाईट प्रकार म्हणजे उलटी जोडणी. नियम असा की लाल, पिवळी किंवा निळी तार फेजची, काळी न्यूट्रलची, हिरवी अर्थिंगची. पण वायरमनच्या पिशवीत त्या दिवशी लाल वायर संपलेली असते आणि दुकान दूर असतं. मग जी हाताला लागेल ती ओढली जाते, आणि वर्षभराने दुसरा वायरमन तिच्या रंगावर विश्वास ठेवून बटण न्यूट्रलवर बसवून जातो. यातली गंमत बघा. बटण दाबलं, गिझर चालू. परत दाबलं, गिझर बंद. दिवाही विझतो. सगळं यथासांग. फक्त बंद गिझरच्या कॉइलवर पूर्ण २३० व्होल्ट मांडी घालून बसलेले असतात. एकट्या न्यूट्रलवर बटण बसवायला १९५६ सालच्या भारतीय विद्युत नियमांनीच बंदी घातली होती. तोडायची तर फेजसकट, एकाच वेळी, जोडखटक्याने. म्हणजे ही काही माझ्या डोक्यातून निघालेली नवी खोड नाही. माझ्या जन्माच्या आधीची आहे.

आणि तो लाल दिवा! त्या एवढ्याशा निऑनच्या दिव्यावर आपल्या समाजाची जी श्रद्धा आहे, ती बघून थक्क व्हायला होतं. "दिवा विझलाय ना? मग जा आंघोळीला." तो दिवा फक्त एवढंच सांगतो की त्याच्या दोन पायांमध्ये पुरेसा दाब आहे की नाही. न्यूट्रल तुटली की तो विझतो आणि फेज तिथेच असते. दिवा स्वतः उडाला तर तो विझलेलाच असतो आणि गिझर धडधडत असतो. एखादा खातेदार काउंटरवर दिसला नाही म्हणून त्याचं कर्ज फिटलं, असं आम्ही धरत नाही. वसुलीला जातो.

माझा एक मावसभाऊ इंग्लंडात, लेस्टरला असतो. तिकडे बऱ्याच घरांत शॉवरचं यंत्रच भिंतीवर बसून येतं पाणी जागच्या जागी तापवतं. त्याच्याकडचं साडेनऊ किलोवॉटचं आहे, म्हणजे ४१ अँपिअर. आपले चार-पाच गिझर एका दमात. त्याला बटण कसलं, तर छताला टांगलेलं, दोरीने ओढायचं, ४५ अँपिअरचं, दोन्ही तारा तोडणारं. दोरी अशासाठी की ओला हात विजेपासून लांब राहावा. आत दिव्याखेरीज यांत्रिक खूणही असते, कारण दिव्यावर तिथे श्रद्धा नाही. मी हे आमच्या सोसायटीत सांगितलं तर एकजण म्हणाले, "त्यांची थंडी वेगळी, आपली वेगळी." वास्तविक आमचं नाशिक. डिसेंबरात निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर येतो. आणि समजा थंडी वेगळी असली, तरी वीज काय तिथे इंग्रजीत शॉक देते?

बरं, तिथेही दोरीचं बटण जळतं. कारण तेच, जे आपल्याकडे आहे: ढिला स्क्रू. वायर बटणाच्या टर्मिनलमध्ये नीट आवळली नाही की त्या सांध्यात उष्णता निर्माण होते. गिझरने पाणी तापवायचं, ते बटण स्वतःच तापतं. आधी प्लास्टिक पिवळं पडतं, मग तपकिरी, मग जळका वास, मग कडकड आवाज. आमच्या एका नातलगांकडे बटणाभोवती असा तपकिरी डाग पडला होता. त्यांनी त्यावर गणपतीचा स्टिकर लावला. विघ्नहर्त्यावर किती कामं टाकायची याला काही मर्यादा? दुसऱ्या एकांकडे तीन किलोवॉटचा इन्स्टंट गिझर, म्हणजे १३ अँपिअरचा घोडा, पंख्याच्या सहा अँपिअरच्या बटणावर बांधलेला. "जरा गरम होतं," म्हणाले, "पण होणारच ना, गिझरचंच बटण आहे!" या तर्कापुढे मी हात टेकले. जोडले म्हणा हवं तर.

आता मुख्य आरोपीकडे येतो. त्याचं नाव 'डायरेक्ट'.

विजेच्या बाबतीत एवढा घातक शब्द मराठीत दुसरा नाही. फ्यूज उडतो? डायरेक्ट करून टाकू. प्लग सैल बसतो? डायरेक्ट. आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. सगळे त्यांना सर म्हणतात. गेल्या मे महिन्यात त्यांच्याकडे एक चमत्कार सुरू झाला. बाई सकाळी चटणी वाटायला मिक्सर लावायच्या आणि अख्ख्या घराची वीज जायची. पेटीतला आरसीसीबी पडायचा. जुन्या लोकांना ईएलसीबी म्हटलं की कळतं, त्याचाच हा भाऊबंद. सरांनी नवा मिक्सर आणला. नव्यावरही पडला. मग इस्त्रीवर संशय घेतला, इस्त्री माळ्यावर गेली. शेवटी वायरमन आला. त्याने पेटी उघडली आणि सांगितलं, "सर, हे आयटम फार नाजूक असतं. ह्याच्यातच प्रॉब्लेम आहे. डायरेक्ट करून टाकतो, टेन्शन नाही." आणि खरोखरच टेन्शन गेलं. चटणी निर्वेध वाटली जाऊ लागली.

हे मला कळलं ऑक्टोबरात, जिन्यात, सहज बोलता बोलता. माझ्या पोटात गोळा आला. कारण आरसीसीबी काय करतो? तो दुसरंतिसरं काही करत नाही, आमचंच काम करतो. तेरीज जुळवतो. फेजने किती गेले, न्यूट्रलने किती परत आले. दोन्ही समान, तर ठीक. तफावत आली, तर मधल्या मध्ये कुणीतरी रक्कम काढून घेतंय, म्हणजे प्रवाह वाट सोडून भिंतीतून, नळातून किंवा माणसातून जमिनीत जातोय. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरच्या तफावतीवर व्यवहार बंद करतो. गिझरच्या ८.७ अँपिअरच्या मानाने हा सुमारे तीनशेवा हिस्सा. एवढा बारीक हिशेब का? कारण माणसाचं हृदय बिघडायला याहून फार मोठी रक्कम लागत नाही. शेजारी बसलेला एमसीबी यात उपयोगाचा नाही. तो मोठा आसामी. सोळा-वीस अँपिअरच्या पुढे गेल्याशिवाय मान वळवत नाही. त्याची नेमणूक वायरीच्या रक्षणासाठी आहे, आपल्या नाही. तुमच्या अंगातून जाणारा प्रवाह त्याच्या लेखी चहापाण्याचा खर्च.

आता मला सांगा, आमच्या शाखेत रोज संध्याकाळी हिशेबात तफावत येत असेल, तर आम्ही काय करावं? तफावत शोधावी, की ती दाखवणाऱ्या ऑडिटरला पायऱ्यांवरून खाली ढकलून द्यावं आणि म्हणावं, "डायरेक्ट केलं, आता टेन्शन नाही"?

सरांशी मी जिन्यातच भांडलो. दोन जिन्यांच्या मधल्या चौकात वीस मिनिटं. ते म्हणाले, "अहो, गिझर तर होळीपासून बंद होता. त्याचा काय संबंध? आणि पंधरा वर्षं राहतोय इथे, काही झालं नाही." मी म्हणालो, "सर, तुमच्या शाळेत मुलगा पंधरा दिवस कॉपी करून सापडला नाही, तर तुम्ही त्याला हुशार म्हणायचात का?" हे जरा लागलं त्यांना. दिवाळीला नात येणार होती, सात वर्षांची. तिचं नाव मी मुद्दाम काढलं. भांडणात तेवढं चालतं.

मग रीतसर लायसन्स असलेला माणूस बोलावला. विजेचं काम लायसन्सधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्यायचं असा नियम आहे. आपण तो चारचाकीच्या लायसन्सइतका मानत नाही, इतकंच. त्याने आधी मेन बंद केलं आणि पेटीवर पाटी अडकवली. टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये घालून तो जिवंत आहे याची खात्री केली, मग गिझरच्या जागी लावला, मग परत चालू सॉकेटमध्ये. (नेहमीचे आमचे वीर बोटाच्या मागच्या बाजूने तपासतात. त्यांच्या बोटांना माझा नमस्कार.) चालू सॉकेट शेजाऱ्यांकडचं, म्हणजे माझं, कारण सरांकडचं मेन बंद होतं. त्यासाठी तो दोनदा जिना उतरला आणि दोनदा चढला. मला तो माणूस तिथेच आवडला.

आरसीसीबी परत जोडला. मिक्सर लावला, पडला. मग मेन बंद करून गिझरच्या दोन्ही तारा काढून ठेवल्या आणि परत मिक्सर लावला. नाही पडला! म्हणजे होळीपासून बंद असलेला गिझरच चोर. कारण बटण एकेरी. फेज तुटलेली, पण न्यूट्रल जोडलेली. आमच्याकडे बोअरचं पाणी. कॉइलवर क्षारांचा पांढरा थर बोटभर चढलेला, खाली कॉइलला सूक्ष्म चीर. तिच्यातून न्यूट्रल गिझरच्या पत्र्याला आणि पत्र्यातून अर्थिंगला टेकलेली. मिक्सरचा परत जाणारा प्रवाह त्या चोरवाटेने थोडा थोडा सांडत होता आणि आरसीसीबी इमानेइतबारे ओरडत होता. डबल पोल बटण असतं तर होळीला बंद केलेला गिझर दोन्ही बाजूंनी सुटा झाला असता. चटणीवर गदा आली नसती आणि नवा मिक्सर वाचला असता. त्याउलट, डायरेक्ट केलेल्या त्या पेटीवर डिसेंबरात गिझर लावला असता, तर त्या चिरेतून कुणाकुणाला काय काय कळलं असतं, ते मी लिहीत नाही.

नवी कॉइल बसली, बटण बत्तीस अँपिअरचं डबल पोल बसलं, ते बाथरूमच्या दाराबाहेर. पेटीपासून बटणापर्यंत आणि पुढे गिझरपर्यंत चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, मध्ये एकही चिकटपट्टीचा जोड नाही. वरच्या दोन टर्मिनलमध्ये येणाऱ्या तारा, खालच्यात जाणाऱ्या, फेजखाली फेज, न्यूट्रलखाली न्यूट्रल. प्रत्येक स्क्रू आवळून वायर ओढून बघितली. हिरवी तार मात्र बटणात घातली नाही. ती सरळ गिझरच्या पत्र्याला. अर्थिंगला बटण नसतं. ते कधी बंद करायचंच नसतं.

अर्थिंग म्हटलं की माझा रक्तदाब वाढतो. आमच्या जुन्या वाड्यात ती तार नळाच्या लोखंडी पाइपला गुंडाळलेली होती. म्हणजे आमच्या गिझरचा बिघाड, आणि झिणझिण्या वरच्या काकूंच्या नळाला. आता पाइप प्लास्टिकचे झाले, तरी काही कलाकार अजून गुंडाळतातच. प्लास्टिकला अर्थिंग! सोसायटीत खरा खड्डा असतो, मीठ-कोळसा भरलेला, आत नळी किंवा पत्रा. त्याला उन्हाळ्यात पाणी घालायचं असतं. आमच्या सोसायटीचा खड्डा कुठे आहे, असा प्रश्न मी गेल्या वार्षिक सभेत विचारला. विषयपत्रिकेवर लिफ्टसमोरचा ग्रॅनाइट होता, त्यावर दीड तास चर्चा झाली. माझ्या प्रश्नावर शांतता पसरली. शेवटी वॉचमन म्हणाला, "चेअरमनसाहेबांच्या गाडीखाली हाय." चेअरमन म्हणाले, "बघू." इतिवृत्तात लिहिलं गेलं, "अर्थिंगविषयी चर्चा झाली. चहापान झाले." मी त्यावर लेखी हरकत घेतली आहे. चर्चा झालीच नव्हती. चहा झाला होता. दुसरी हरकतही देऊन ठेवली आहे: खड्ड्याचा रोध दरवर्षी मोजून आकडा नोटीस बोर्डावर लावावा. ग्रॅनाइटचा दर लावला होता, तसाच.

तोवर गाडी दर रविवारी सकाळी दहा मिनिटं मागे घेतली जाते आणि वॉचमन दोन बादल्या पाणी ओततो. चेअरमनना हे पटलं म्हणून नव्हे. सरांनी त्यांना दहावीत गणित शिकवलं होतं म्हणून.

सरांच्या पेटीतल्या आरसीसीबीवर एक छोटं बटण आहे, त्यावर 'टी' लिहिलंय. ते दाबलं की तो मुद्दाम तफावत निर्माण करून स्वतःची परीक्षा घेतो आणि पडतो. नाही पडला, तर बदलायचा. महिन्यातून एकदा दाबायचं. दिवाळीत नातीने ते काम आपल्याकडे घेतलं. ती आता फोनवरून एक तारखेची आठवण करते. फक्त वेळ ती ठरवते, आणि आजोबांच्या बातम्या लागल्याशिवाय तिला एक तारीख आठवत नाही.